दोऱ्याचा वण

निफाडला तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबाऱ्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत काय वाट्टेल ते काढून मिळतं, आणि रांग मोडली तर चार शब्द फुकट ऐकायला मिळतात. मंजुषाच्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात, ते खोटं नाही. पण माझी खरी ओळख दुकानाची नाही. तालुक्यातल्या घुमऱ्यांची वही माझ्याकडे असते. आधी ती आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे होती. आबा गेल्यावर भावानं जमीन घेतली आणि मी वही घेतली. भावाला वाटलं, बहीण वेडी आहे. वेडी होतेच, पण कशापायी ते त्याला कधी कळलं नाही.

शहरातल्या माणसाला घुमरी सांगावी लागते. मांजराहून जरा मोठं जनावर, कान सशाचे, शेपटी केरसुणीसारखी. पूर्वी दर द्राक्षबागेत एक तरी असायची. दिवस कलला की ती मांडवाखाली बसून घुमायची, आणि त्या घुमण्यानं बुलबुल आणि वटवाघळं घडांजवळ फिरकत नसत. मग जाळ्या आल्या, फवारे आले, आणि घुमऱ्या बागेतून घरात आल्या, घरातून हळूहळू वहीत आल्या. आज माझ्या वहीत एकोणीस जिवंत आहेत. घुमरी जन्मात दोनदा विते, एका वेळी एकच पिलू. आणि जिथं डोळे उघडले त्याच घरात ती घुमते. उचलून दुसऱ्या घरी नेली तर खाईल, पिईल, उंदीर मारील, पण घुमणार नाही. आता याला हट्ट म्हणा नाहीतर निष्ठा म्हणा.

वही कशासाठी, तर खुणांसाठी. घुमरीच्या अंगाचे रंग तीन, काजळी, तांबूस आणि भुरा. भुरा मोठा लबाड. काजळी आईबापांच्या आड दोन पिढ्या लपून बसतो आणि तिसऱ्या पिढीत निघतो, मग मालकांची भांडणं लागतात की हे पिलू बदललं कुणी. टिळा बापाकडून आला तर सरळ असतो, आईकडून आला तर तिरपा. पायमोजे पुढच्या पायांना आले तर मागच्यांना येतातच. आणि सगळ्यांत देखणी खूण म्हणजे कंठी, गळ्याभोवती पांढऱ्या केसांचा गोल.

आबा हे सगळं दाण्यांवर शिकवायचे. ते डाव्या मुठीत दोन दाणे धरायचे, उजव्या मुठीत दोन. एक मूठ आई, एक मूठ बाप. "पिलाला दोघं एकेक दाणा देत्यात," ते म्हणायचे, "कुठला देतील ते देवालाबी इचारायचं नाय." चवळी म्हणजे कंठी, मूग म्हणजे साधा गळा. एक चवळी आली की पिलाच्या गळ्यात कंठी. पण आईच्या मुठीत एक चवळी आणि बापाच्याही मुठीत एक चवळी असली, तर चार खेपांत एकदा दोन्ही चवळ्या एकाच पिलाला जातात. मी विचारलं होतं, मग काय होतं? आबांनी दाणे खिशात टाकले. "आक्खं पांढरं निघतं. दिसाया देवावाणी, पन कानानं बहिरं." आणि बहिरी घुमरी कधीच घुमत नाही, कारण घुमणं ती आईचं ऐकून शिकते. म्हणून नियम एकच होता. कंठीला कंठी द्यायची नाही. आबांच्या पन्नास वर्षांत तो कुणी मोडला नाही, त्यामुळे पांढरी घुमरी तालुक्यात कुणी पाहिलेलीच नव्हती. आबांनीही ती त्यांच्या बापाच्या तोंडून ऐकलेली.

यात एक मेख आहे. पिलू जन्मलं की पाचवीला सटवाई पुजतात आणि पिलाच्या गळ्यात काळा दोरा बांधतात. दृष्ट लागू नये म्हणून तो दोरा जन्मभर राहतो. पिलू वाढतं, दोरा घासतो, आणि पुष्कळांच्या गळ्याला दोऱ्याखाली केस पांढरे येतात. त्याला दोऱ्याचा वण म्हणतात. बारीक कंठी आणि दोऱ्याचा वण शेजारी ठेवले तर आबांनाही सांगता आले नसते. म्हणून वहीवाल्याला पाचवीच्या आत पिलू दाखवायचं, दोरा बांधण्याआधी, अशी रीत आहे. वहीत त्याचा वेगळा रकाना आहे, "पाचवीआधी पाहिलं", आणि पुढे होय किंवा नाही.

आता माझ्या रागाची गोष्ट. चार वर्षांपूर्वी चांदोरीच्या हर्षलकडे पिलू झालं. काजळी नर, नाव राजा. आबांना अशा वेळी लोक नारळ घेऊन बोलवायला येत, दारात पाय धुवायला पाणी देत. हर्षलनं मला मोबाइलवर मेसेज टाकला. "ताई पिलू झालंय, येऊन जा." खाली हात जोडलेलं चित्र. मी म्हटलं, वा रे वा, मी काय गॅसची टाकी आणून देणारी आहे? गेले नाही. माझा मान मोठा होता ना! सहाव्या दिवशी त्यानं फोटो पाठवला, गळ्यात दोरा बांधलेला. वहीचं पान कोरं ठेवायला मला लाज वाटली. आबांच्या अक्षरातला "नाही" त्या वहीत एकदाही नाही. मी लिहिलं "होय", आणि पुढे "गळा साधा". मग कामाच्या रगाड्यात ते विसरूनही गेले. खोटं बोलून विसरणं फार सोपं असतं, पण लिहिलेलं खोटं कागदावर तसंच राहतं.

सायखेड्याच्या साळूबाईंना मी साळूमावशी म्हणते. नात्यानं कुणी नाहीत, पण आबांच्या वेळेपासूनचा घरोबा आहे. गोदाकाठाला त्यांचा मळा. कोथिंबीर, मेथी, दसऱ्याला झेंडू. सून रूपाली पहाटे माल घेऊन पंचवटीच्या बाजारात जाते. साळूमावशींची घुमरी मैना, तांबूस रंगाची, तीन बोटं रुंद कंठी. आबांनी तिला पाहून स्वतःच्या हातानं वहीत नोंद केली होती, ती त्यांची शेवटची नोंद.

दोन वर्षांपूर्वी साळूमावशींचे मालक, पुंजाबाबा, यांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, गिळता येतं आहे, भरवत राहा. पण बाबा तोंडच उघडीनात. साळूमावशींनी समजावलं, रूपालीनं समजावलं, जावई सटाण्याहून येऊन ओरडून गेला. दात घट्ट. तिसऱ्या संध्याकाळी मैना आपण होऊन खाटेवर चढली, बाबांच्या छातीवर बसली आणि घुमू लागली. बाबांनी डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं तोंड उघडलं. साळूमावशींनी पेजेचा चमचा आत सारला. तेव्हापासून रोज तसंच. मैना घुमे तोवर बाबा खात, ती थांबली की बाबाही थांबत. रूपालीनं एकदा मोबाइलवर ते घुमणं भरून घेतलं आणि स्पीकरवर लावून पाहिलं. बाबांनी मान भिंतीकडे फिरवली. मी हात लावून पाहिलं आहे, ते घुमणं कानापेक्षा छातीच्या फासळ्यांत जास्त जाणवतं. मोबाइल ते कुठून आणणार?

मैनाला अकरावं वर्ष लागलं होतं. घुमरी बारा वर्षांपलीकडे जात नाही. तिचं पहिलं पिलू डोळे उघडायच्या आतच साळूमावशींच्या लेकीबरोबर सटाण्याला गेलं होतं, तिथल्या घुमरीच्या कुशीत वाढलं आणि तिथंच घुमत होतं. ते परत आणून उपयोग नव्हता. म्हणून दिवाळीनंतर साळूमावशी माझ्या दुकानात आल्या. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माझा हात धरला.

"मंजे, मैनाचं आजून एक पिलू पाह्यजे. ती गेली आन् घरात घुमनारं कोनी नसलं, तर हे उपाशी मरतील गं."

मी वही काढली. वयात आलेले नर तालुक्यात तीन. एक मैनाचा सख्खा भाचा. दुसऱ्याच्या गळ्यात लांबून दिसेल अशी कंठी. तिसरा हर्षलचा राजा. मी चांदोरीला गेले, राजाच्या गळ्यातला दोरा बाजूला सारून पाहिला. खाली बोटाहून बारीक पांढरी रेघ होती. क्षणभर मी थांबले. मग वही उघडली. "पाचवीआधी पाहिलं: होय. गळा साधा." माझंच अक्षर. जन्मताना गळा साधा होता, म्हणजे ही रेघ दोऱ्याचा वण. हर्षलनं विचारलंही, "ताई, नक्की ना? जन्मताना आम्ही गळा नीट बघितला नव्हता." मी म्हटलं, "वही तुझ्यापेक्षा शहाणी आहे." माणसाचा स्वतःच्या अक्षरावर किती विश्वास असतो बघा.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मैना व्यायली. या वेळी मेसेज नाही, रूपाली स्वतः गाडी घेऊन न्यायला आली, हळदकुंकू लावून. ती रस्ताभर हसत होती, पण काय ते सांगेना. "मावशी, तुम्हीच बघा, आमचं नशीबच उघडलं," एवढंच म्हणाली. अंगणात पंधरावीस माणसं उभी होती. साळूमावशींनी टोपलीवरचं फडकं बाजूला केलं.

पिलू अख्खं पांढरं होतं. नाक गुलाबी, कान आतून गुलाबी, अंगावर कुठं एक काळा केस नाही.

"लक्षुमी आली गं मंजे," साळूमावशी म्हणाल्या. "आशी कुनी पाह्यली का आजवर? आता हे उठून बसतात का नाय बघ."

लोक माझ्याकडे बघत होते, वहीवाली काय बोलते म्हणून. कुणीतरी पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मी तो तोंडात टाकला. मग म्हटलं, "छान आहे."

त्या रात्री झोप कसली. राजाच्या गळ्यातली ती रेघ आणि हर्षलचा चार वर्षांपूर्वीचा मेसेज, दोन्ही एकदम आठवले. सकाळी मोबाइलमध्ये खूप मागे जाऊन मेसेज सापडला. तारीख होती, हात जोडलेलं चित्र होतं, आणि खाली माझं उत्तर नव्हतं. मी गेलेच नव्हते. जे मी पाहिलंच नाही त्याला होय म्हटलं होतं, आणि चार वर्षांनी माझ्याच होय वर माझाच विश्वास बसला होता. चार खेपांत एकदा, म्हणजे तीन खेपा चूक माफ झाली असती. मला कधी कळलंही नसतं.

पाचवीला गेले तेव्हा स्वयंपाकघरातलं ताट घेऊन पिलाच्या मागं उभी राहिले आणि कुणी नाही असं बघून जमिनीवर आपटलं. मैना दचकून उठली. परसात कोंबड्या ओरडल्या. पिलू दूध पीत राहिलं. मग मी स्वतःची समजूत घातली की पाच दिवसांचं पिलू आहे, कान उघडायचे असतील. आबांनी ऐकीव सांगितलेलं, त्यात अतिशयोक्ती असेल. एखाद्याला अर्धा कान असेल. नाशिकच्या एका जनावरांच्या डॉक्टरला फोटो दाखवला, तर तो म्हणाला, "मांजर छान आहे." असल्याला काय विचारायचं!

सांगायचं मी रोज ठरवत होते. पण गेले की साळूमावशी समोर चहा ठेवून सांगत बसत, पांढरीनं आज डोळे उघडले, आज ती ह्यांच्या पायाशी झोपली. पिलाला सगळे पांढरीच म्हणू लागले होते. रूपालीनं तिचा व्हिडिओ टाकला, तो कुठल्या कुठं गेला. पिंपळगावहून बायका ओटी घेऊन आल्या. एवढ्या आनंदात जाऊन कुणी कसं म्हणावं, की हे तुमचं दैव नाही, ही माझी चूक आहे? म्हणायला हवं होतं. दुसऱ्याची कागदावर एक रेघ चुकली तर मी त्याला चारचौघांत फाडून खाते, आणि स्वतःच्या वेळी मूग गिळून बसले.

पांढरीला सव्वा महिना झाला तेव्हा साळूमावशींनी मैनाच्या पिलासाठी बोललेला नवस फेडायला पंचवटीत जायचं काढलं. मलाही ओढलं. बाजाराच्या मागच्या बोळात मारुतीचं लहान देऊळ आहे, माल विकून झाला की रूपाली तिथं टेकते. आरती सुरू होती. घंटा अगदी डोक्यावर, कुणीतरी पोरगं ती जिवाच्या आकांतानं बडवत होतं, वर झांजा. बाहेर रिक्षांचे हॉर्न. माझेच कान किटले. साळूमावशींच्या मांडीवर टोपलीत पांढरी गाढ झोपली होती, तिची मिशीसुद्धा हलत नव्हती.

"बघ बाई," साळूमावशी मला आरतीच्या गोंगाटात ओरडून म्हणाल्या, "देवाच्या दारात कशी निवांत झोपलीया."

बायका वाकून वाकून पाया पडत होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. साळूमावशींना वाटलं भक्तीनं. त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले, आणि मला तिथंच जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. तरीही मी बोलले नाही. आणखी एक गोष्ट मनात धरून बसले होते. पिलं तिसऱ्या महिन्यात घुमू लागतात. तोवर कशाला कुणाची झोप मोडा?

तिसरा महिना संपला. मैना रोज संध्याकाळी बाबांच्या छातीवर बसून घुमे, पांढरी तिच्या कुशीत. आईची छाती थरथरे, त्या थरथरण्यावर पिलू डोकं टेकवून पडे. साळूमावशी चमचा भरवत आणि मला विचारत, "कधी घुमंल गं ही?" मी म्हणे, "काही उशिरा घुमतात." एकदा म्हटलं, "आषाढ जाऊ द्या." कुठल्या तोंडानं म्हटलं कोण जाणे. साळूमावशी वहीवालीचा शब्द समजून मान हलवत.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी मैना गेली. दुपारी उन्हात पडली ती उठलीच नाही. तिला मळ्याच्या बांधाला पुरलं. रूपाली खूप रडली. साळूमावशी रडल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी पेज केली, पांढरीला उचललं आणि बाबांच्या छातीवर ठेवलं.

मी तिथंच होते. बाबांनी डावा हात उचलून पांढरीच्या पाठीवर ठेवला आणि डोळे मिटले. रूपालीनं पंखासुद्धा बंद केला. पांढरीनं इकडे तिकडे पाहिलं, जांभई दिली, बाबांच्या छातीला डोकं लावून पाहिलं, आईच्या छातीला लावायची तसं, आणि मग उठून खाली उतरली. बाबांचा हात हवेत तसाच राहिला. त्यांनी डोळे उघडून दाराकडे पाहिलं. साळूमावशींनी चमचा ओठांना लावला. दात घट्ट होते.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून गेले, नाकातून नळी घालू म्हणाले. बाबांनी डाव्या हातानं सलाईनची सुई उपटून टाकली. रूपालीनं ते मला फोनवर सांगितलं, आणि मी दुकानात कुणाच्या तरी आधारकार्डाच्या एकाऐवजी नऊ प्रती काढल्या.

चौथ्या दिवशी सकाळी साळूमावशी बसनं निफाडला आल्या. हातात टोपली, टोपलीत पांढरी. त्यांनी टोपली माझ्या मशीनवर ठेवली.

"वही काढ मंजे. त्यात बघ, ही घुमंल कधी."

दुकानात कुणी नव्हतं. मी वही काढली, राजाचं पान उघडलं, आणि सगळं सांगितलं. मेसेज, माझा मान, ते होय, दोऱ्याखालची रेघ, दोन चवळ्या. शेवटी म्हटलं, "ती घुमणार नाही मावशी. तिला ऐकूच येत नाही."

साळूमावशींना वाचता येत नाही. तरी त्या पानावर बोट ठेवून माझ्या अक्षरांकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता शिव्या देतील. देवाशपथ, मला शिव्या हव्या होत्या.

"तुला कधीपास्नं ठावं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"पेढा खाल्लास तवाबी?"

"हो."

"घंटंखाली झोपली तवा?"

"हो."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. चैत, वैशाख, जेठ, आषाढ.

"तुझी वही चुकली, ते देवाचं खेळनं म्हनून मी सोडलं आसतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "पन मैना जिती व्हती गं तवर. ती घुमायची तवा मी हात धरून बसले आसते ह्यांचा. तिच्याबरूबर मीबी कायतरी गुनगुनले आसते. रोज थोडं तिचं, थोडं माजं. सवय लागली आसती मानसाला. चार म्हैने व्हते माज्याकडं. ते तू खाल्लेस."

मी इतके महिने चूक चूक म्हणून त्या एका अक्षराला कवटाळून बसले होते. खरी चूक मी पाडव्यापासून रोज करत होते, आणि ती कुठल्या रकान्यात नव्हती. "मावशी, मला मारा," म्हटलं.

"मारून काय व्हईल?" साळूमावशींनी टोपली उचलली. "दुकान बंद कर. चल."

दुकानाला कुलूप लावलं. बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि मी शेजारी. शेजारची बाई पांढरी बघून हरखली, म्हणाली, "आगं बाई, तीच का ही व्हिडिओतली? पाया पडू द्या." साळूमावशींनी टोपली पुढे केली.

घरी पुंजाबाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. चार दिवसांत गाल आत गेले होते, ओठ सुकून फुटले होते. रूपाली उशाशी ओलं फडकं घेऊन बसली होती. तिला काही ठाऊक नव्हतं, ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, बरं झालं तुम्ही आलात." साळूमावशी आत गेल्या. पेज कढत करून आणली, थोडी निववली. बाबांना आमच्याकडे वळवून उशीला टेकवलं. मग खाटेच्या कडेला मला बसवलं, बाबांचा डावा हात उचलला आणि तळवा माझ्या गळ्यावर दाबून धरला. हात इतका हलका होता की मला भीती वाटली.

"माजा आवाज गेलाय," साळूमावशी म्हणाल्या. "तीन दिस मी करून बघितलं, फाटला. तुजा लई मोठा हाय. आख्खा तालुका ऐकतो. घुम."

मला घुमता येत नाही. मला ओरडता येतं. तरी तोंड मिटून, घशातून, मैनासारखा आवाज काढायला लागले. सुरुवातीला खोकला आला. मग काहीतरी निघालं. घोगरं, वेडंवाकडं, श्वास पुरेना. बाबांचा तळवा माझ्या गळ्यावर थरथरत होता, की माझाच गळा थरथरत होता, ते कळेना. बाबा माझ्याकडे बघत होते. ओळखत होते. ही निफाडची मंजी, आबांची पोर, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मी मैना नाही हेही त्यांना कळत होतं.

साळूमावशींनी चमचा ओठांना लावला. ओठ मिटलेलेच राहिले. पेज हनुवटीवरून ओघळली. त्यांनी ती पदरानं पुसली आणि दुसरा चमचा भरला.

माझा श्वास तुटला, आवाज थांबला.

"थांबू नको," साळूमावशी म्हणाल्या.